दोऱ्याची फळं

टूरवाल्याची अट ऐकून घुम्या हसला होता. तसा तो वर्षाकाठी एखाद-दुसऱ्या वेळीच हसायचा, म्हणून त्याच्या बायकोच्या, म्हणजे सगळ्यांच्या वहिनीच्या, ती अट चांगली लक्षात राहिली.

“पुढच्या दोन ओळींची फळं तोडायची नाहीत,” टूरवाला म्हणाला. “लालभडक राहू द्यायची झाडावर. लोक शहरातून येणार. त्यांना हाताने तोडायला मजा वाटते, आणि फोटोत लाल रंग चांगला येतो.”

“किती दिवस राहू द्यायची?” वहिनीने विचारलं.

“मी गाडी आणतोय तोवर.”

घुम्या हसला तो यावर. कॉफीचं पिकलेलं फळ झाडावर ठेवू नये, हे त्या डोंगरउतारावरचं शेंबडं पोरही सांगेल. पिकलं की तोडायचं, खाली पडलं की वेचायचं, हंगाम संपताना वाळून काळं झालेलं शेवटचं फळसुद्धा फांदीवर ठेवायचं नाही. ठेवलंच तर त्यात मोहरीएवढा काळा किडा घर करतो आणि पुढच्या हंगामात सगळ्या मळ्यात लेकुरवाळा होऊन बसतो. घुम्याच्या बापाने आयुष्यभर दुसरं काही शिकवलं नाही, एवढंच शिकवलं.

पण त्या वर्षी फुलोऱ्याच्या वेळी पावसाने दगा दिला होता. मळा एका रात्रीत पांढरा झाला आणि आठवड्यात करपून तपकिरी. फळ धरलं ते जेमतेम. अशा वेळी दारात माणूस येतो, गाडी भरभरून पाहुणे आणायचं म्हणतो, नुसता मळा दाखवायचे रोख देईन म्हणतो, तर त्याला पाट मांडून बसवायचं की हाकलायचं?

“दोनच तर ओळी आहेत,” वहिनी रात्री जेवताना म्हणाली. “मागे सगळा उतार पडलाय. दोन ओळींनी काय आभाळ कोसळतंय?”

घुम्याने घास चावून गिळला, पाणी प्यायला आणि हात धुवायला उठला. त्याचा होकार असाच असायचा. नकारही असाच असायचा. लग्नाला एवढी वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन लांब गेली, तरी यातला फरक ओळखायला वहिनीला अजून त्याची पाठ बघावी लागायची. घुम्या हे नाव त्याला त्याच्या आईनेच ठेवलेलं. बाकीच्यांनी नुसतं उचललं.

---

गाड्या यायला लागल्या. पाहुण्यांच्या कमरेला टूरवाला रंगीत करंड्या बांधायचा. ते दोन ओळींमध्ये शिरायचे, हसायचे, फांद्या ओढायचे.

फळ तोडायची एक रीत असते. अंगठा आणि दोन बोटांत धरून हलकेच पिरगाळायचं. फळ हातात येतं आणि देठ फांदीवर राहतो. पुढच्या वर्षीचं फूल त्याच पेरावर येतं, म्हणून त्याला धक्का लावायचा नाही. पाहुणे फळ देठासकट, देठ पानासकट आणि कधी कधी पान फांदीसकट ओढायचे. घुम्या बाजूला उभा राहून बघायचा. प्रत्येक कडकन आवाजाला त्याची मान किंचित आत जायची.

मग सगळे अंगणात. वहिनीला टूरवाल्याने आणलेला झगमगीत पोशाख होता. त्याला आरसे होते, गोंडे होते, आणि असलं काही तिच्या सात पिढ्यांत कुणी घातलं नव्हतं. चुलीपाशी सासू बसायची. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण हात शाबूत. घरातली दळायची चक्की टूरवाल्याने कपाटात कोंडली आणि कुठून तरी एक जुनं दगडी उखळ आणून तिच्यापुढे ठेवलं.

“अगं, घरात चक्की असताना मला कुटायला का बसवलंय?” म्हातारीने पहिल्याच दिवशी विचारलं.

“आई, त्यांना बघायचंय पूर्वी लोक कसं करायचे ते.”

“पूर्वी? पूर्वी आम्ही कॉफी पीत कुठे होतो? विकत होतो.”

पाहुणे खूश होऊन हसले. त्यांना वाटलं तेही कार्यक्रमातलंच आहे.

अडलं ते घुम्यापाशी. त्याने शेतकरी म्हणून चार शब्द बोलायचे होते. टूरवाल्याने त्याच्याकडून घोकून घेतले होते, आमच्या तीन पिढ्या, ही माती, हे आमचं लेकरू वगैरे. घुम्या पुढे यायचा, झाडावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, “हे झाड.” मग बराच वेळ विचार करून, “हे फळ.” मग बाजूला व्हायचा.

महिन्याभराने टूरवाला फोन हातात नाचवत आला. “वहिनी, बघा लोक काय लिहितात. मळा सुंदर. आजी गोड. कॉफी उत्तम. शेतकरी मात्र फारच उदास.” त्याने पुन्हा वाचून दाखवलं. “फारच उदास! अहो, सुट्टी घेऊन आलेल्या माणसाने हे का बघायचं?”

घुम्या दारात पाय धूत होता. त्याने ऐकलं, आणि धुतलेलाच पाय पुन्हा धुतला.

पुढच्या गाडीबरोबर मिशीवाला आला. रस्त्यावरच्या हॉटेलात तो वाढपी होता. वाईट माणूस नव्हता, पोटासाठी आलेला. पण मिशी अशी की लिंबू ठेवावं, आणि तोंड म्हणाल तर चालू राहायचं म्हणजे राहायचं. “शेतकरी म्हटला की कसं, असं पाहिजे,” टूरवाला म्हणाला. त्याची नजर खुंटीवरच्या कोटाकडे गेली. घुम्याच्या बापाचा कोट होता तो, कोपरांना ठिगळं लावलेला. “हा द्या याला. अगदी फिट्ट.”

वहिनी काही बोलायच्या आत घुम्याने कोट खाली उतरवला. दोनदा झटकला, खिशात हात घालून आतला सुकलेला तंबाखू काढून टाकला आणि मिशीवाल्याच्या हातात दिला.

“बरंच झालं,” तो संध्याकाळी म्हणाला. “मी मागे कामाला मोकळा.”

त्याची पाठ बघून वहिनीला कळलं की बरं झालेलं नाही. पण तिने ते मनातच ठेवलं, कारण घरात डबे भरलेले होते. मिशीवाला तिला पाहुण्यांपुढे “आमच्या मंडळी” म्हणायचा. तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग हळूहळू व्हायचं कमी झालं. माणसाला कशाचीही सवय होते, हेच त्यातलं सगळ्यात वाईट.

“एक लक्षात ठेवा,” टूरवाल्याने सगळ्यांना बजावलं. “हे खोटं आहे असं एकदा कुणी लिहिलं की संपलं. गाडी परत यायची नाही.”

---

हंगाम आला. या खेपेला पावसाने शब्द पाळला होता, उतारावरची झाडं लगडली होती. घुम्या पहिल्या दिवशी उजाडताच करंडी बांधून गेला आणि रिकामाच परत आला. त्याने मूठ वहिनीपुढे उघडली.

लाल, टपोरी फळं. प्रत्येकाच्या टोकाला सुईने टोचल्यासारखं एक भोक.

त्याने नखाने फळ फोडलं. आतली बी पोखरून भुसा झालेली, आणि भुशात तो काळा ठिपका चालत होता.

“सगळीकडे?” तिने विचारलं.

“सगळीकडे.”

तरी त्यांनी तोडणी केली. न करून काय करता? सकाळी दवाने भिजलेल्या झाडांत शिरायचं, दुपारी उन्हात शिजायचं, संध्याकाळी साल काढायच्या यंत्राचा दांडा फिरवायचा. वहिनीच्या बोटांना चिकट गर वाळून भेगा पडल्या. घुम्याचा खांदा दांड्याने सुजला. बिया अंगणात वाळत घातल्या, दिवसातून कितीदा तरी फावडीने खालीवर केल्या. म्हातारी काठी घेऊन कोंबड्या हाकत बसली. सगळं दर वर्षीसारखं केलं, जणू मन लावून केलं तर किडा लाजून निघून जाणार होता.

व्यापाऱ्याचा माणूस आला. ओळखीचा, दर वर्षी येणारा. त्याने बादलीभर पाणी मागितलं, मूठभर बिया पाण्यात सोडल्या. बिया तरंगायला लागल्या. त्याने दुसऱ्या टोकाच्या ढिगातली मूठ सोडली. त्याही तरंगल्या.

“चहा टाकते,” वहिनी म्हणाली.

“नको वहिनी,” तो म्हणाला. दर वर्षी तो दोन कप प्यायचा. जाताना त्याने बादली स्वतःच उचलून नळापाशी नेऊन ठेवली, आणि त्या चांगुलपणानेच तिला रडू फुटलं.

कुंपणापलीकडच्या शेजारणीने बोलणं सोडलं. किड्याला कुंपण कळत नाही. तिच्या बोलण्याला कळत होतं.

मागचा सगळा उतार बुंध्यापासून कापायचं ठरलं. दुसरा इलाज नव्हता. घुम्याने करवत आणि कोयता धार लावून घेतला. बापाने लावलेली झाडं तो वरून खाली कापत आला आणि वहिनी फांद्या ओढून ढीग लावत गेली. ओल्या लाकडाचा धूर उतारावर दिवसच्या दिवस रेंगाळला. घुम्याच्या भुवया करपल्या. म्हातारी आत खोकत विचारायची, “काय जाळताय रे?” आणि घुम्या म्हणायचा, “पाला.”

कापत कापत तो पुढच्या दोन ओळींपाशी आला तेव्हा नेमका टूरवाला हजर. “दादा, तेवढ्या नका हं. तेवढ्यावर तर सगळं आहे.”

घुम्याने वहिनीकडे बघितलं. वहिनीने मान खाली घातली. रोग जिथून सुटला तेवढंच राहिलं आणि ज्याने तो सोसला ते जळून गेलं. आपलेच दात, आपलेच ओठ, बोंब कुणाच्या नावाने मारायची?

---

घुम्या डोंगरापलीकडच्या मोठ्या मळ्यावर मजुरीला गेला. निघताना उंबऱ्यावर बसून चपलेचा अंगठा शिवत तो बोलला. त्याच्या मानाने ते भाषणच होतं.

“त्यांच्याकडे चांगली रोपं करतात. मुकादमाशी बोलून बघतो. पावसाच्या तोंडाला घेऊन येईन. मागे पुन्हा लावू.”

“लावू,” ती म्हणाली.

“पण त्या दोन ओळी साफ करून ठेव. एक फळ राहता कामा नये. नाहीतर रोपं लावणं म्हणजे किड्याला ताट वाढणं.”

“ठेवते.”

“नक्की?”

“अहो, ठेवते म्हटलं ना.”

आणि तिला खरंच ठेवायच्या होत्या. फळं आपोआप संपतही आली होती, पाहुण्यांनी ओरबाडून. आठ दिवस गाडी चुकली असती तर तिने शेवटचं काळं फळही वेचून चुलीत घातलं असतं. पण टूरवाला हुशार. तो एक खोकं घेऊन आला, ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं. आत कुठल्या तरी खालच्या, उशिरा पिकणाऱ्या मळ्यातली लाल फळं होती, देठासकट तोडलेली. वर लाल दोऱ्याचं रीळ.

“बांधायची,” तो म्हणाला.

“झाडाला?”

“मग काय मला? देठाला दोरा, दोरा फांदीला. पानाआड गाठ. कुणाला कळत नाही, वहिनी. लोक फळ बघतात, गाठ कोण बघतो?”

तेव्हापासून उजाडताच वहिनी झाडांना फळं बांधायला लागली. आधी हसू आलं, मग हात बसला. बोटांच्या भेगांत दोरा रुतायचा. काही फळांच्या टोकाला भोक असायचं, ती तीही बांधायची. मनात म्हणायची, घुम्या यायच्या आत काढून टाकीन. पाऊस लांब आहे अजून. लांबच आहे.

दूधवाल्याबरोबर निरोप आला की घुम्याची दोन्ही पायांची नखं चिखलाने गेलीत, पण रोपं मिळतायत. आई बरी आहे का, विचारलंय. बाकी काही नाही. ओळींबद्दल त्याने विचारलं नव्हतं. तिने ठेवते म्हटलं होतं, म्हणजे त्याच्या हिशेबी ते झालं होतं.

---

तो आला तो गाडीच्या दिवशीच आला. येणार होता दुसऱ्या दिवशी, पण आभाळ भरून आलेलं बघून त्याने घाई केली.

अंगणात पाहुणे गोल बसले होते. मिशीवाला कोट घालून, एक पाय पुढे टाकून सांगत होता, “माझ्या वडिलांनी हा मळा रक्ताचं पाणी करून उभा केला. शेवटच्या दिवशी मला म्हणाले, बाळा, झाडाला अंतर देऊ नकोस.” एका बाईने डोळे टिपले. वहिनी शेजारी ट्रे घेऊन उभी होती, गोंड्यांच्या पोशाखात.

कुंपणाच्या फाटकातून घुम्या आत आला. खांद्यावर ओलं पोतं, त्यातून रोपांची पानं बाहेर डोकावणारी. गुडघ्यापर्यंत चिखल. चेहरा उन्हाने असा रापलेला की क्षणभर तिलाही ओळख पटली नाही. त्याने आधी तिच्याकडे बघितलं. मग त्याची नजर दोन ओळींवर गेली. लालभडक ओळी.

तो तिथेच थांबला. खांद्यावरून पोतं उतरवायचंही त्याला सुचलं नाही.

डोळे टिपणाऱ्या बाईने वळून पाहिलं. “हे कोण?” तिने प्रेमाने विचारलं. “तुमच्या घरचेच का?”

मिशीवाल्याची मिशी खाली आली. टूरवाल्याचे डोळे वहिनीवर खिळले. कुणी तरी फोन वर धरला होता.

“गडी आहे आमचा,” वहिनी म्हणाली. “रोपं आणायला पाठवला होता.”

तिचा आवाज इतका स्वच्छ आला की तिलाच नवल वाटलं. ट्रेमधला एकही कप हलला नाही.

घुम्याने मान डोलावली. “हो,” तो म्हणाला. “कुठे ठेवू, बाई?”

इतक्या वर्षांत त्याने तिला कधी नावाने हाक मारली नव्हती. अगं म्हणायचा, ऐकलंस का म्हणायचा, बहुतेक वेळा नुसता खाकरायचा. बाई त्याने पहिल्यांदा म्हटलं.

“ठेव तिकडे, सावलीला,” ती म्हणाली. अरे-तुरेही आपोआप आलं.

एका भल्या गृहस्थाने उठून घुम्याच्या खिशात नोट सरकवली. “मेहनती माणूस दिसतोय,” तो म्हणाला. घुम्याने हात जोडले.

टूरवाला म्हणजे पडत्या फळाची आज्ञा झेलणारा. त्याने टाळी वाजवली. “चला मंडळी! आता आपण प्रत्येकाने एक एक रोप लावायचं. आपल्या हाताने, आपल्या नावाने!”

पाहुणे उठले. पोतं उघडलं गेलं. अंगणाच्या कडेला, जिथे खाली नुसता मुरूम होता, तिथे त्यांनी हातभर काठीने खड्डे कोरले आणि रोपं त्यांत दाबली. आत न मावणारी मुळं खाली दुमडली. दुमडलेल्या मुळाचं झाड उभं राहतं, थोडं वाढतंही, आणि मग एखाद्या उन्हाळ्यात काही न सांगता वाळून जातं. घुम्याला ते दिसत होतं. वहिनीलाही. ती कप भरत राहिली.

पुन्हा वर बघितलं तेव्हा घुम्या अंगणात नव्हता. कोपऱ्यातल्या रिकाम्या करंड्यांतली एक कमरेला बांधून, दुसरी पायाशी ठेवून तो ओळींत शिरला होता आणि फळं तोडत होता. काही पाहुणे तिकडे वळले, त्यांनी त्याच्या हातांचे फोटो काढले. दोन्ही हात फांदीवरून असे उतरत होते की बोटं कधी थांबली ते कळू नये. त्याने एकदाही मागे पाहिलं नाही.

गाडी निघताना टूरवाला वहिनीपाशी आला. “वेळ मारून नेलीत हं, मानलं. आणि खरं सांगू? दादा गडी म्हणून शोभतात. रोज आले तर बघा.” दोन पावलं जाऊन तो परत वळला. “ती रोपं संध्याकाळी उपटून पोत्यात ठेवा. उद्याच्या पाहुण्यांना लावायला लागतील.”

मिशीवाल्याने कोट काढून खुंटीला लावला. जाताना तो वहिनीकडे न बघता म्हणाला, “माझ्यामुळे झालं, वहिनी.” त्याच्यामुळे झालं असतं तर बरं होतं.

तिने पोशाखासकट ओळींकडे धाव घेतली. घुम्या नव्हता. फाटक उघडं होतं आणि चिखलाची पावलं आली तशी बाहेर गेलेली होती. दोन्ही ओळी साफ होत्या. वरची, आतली, पानाआडची, खाली मातीत पडलेली, एक फळ त्याने सोडलं नव्हतं. फांद्यांवर नुसते लाल दोरे लोंबत होते आणि प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला एक कोरडा देठ. फळं तेवढी पिरगाळून काढलेली, रीतीप्रमाणे.

पायरीवर दोन करंड्या काठोकाठ भरून ठेवल्या होत्या. वरती त्या गृहस्थाची नोट, उडू नये म्हणून तिच्यावर एक खडा.

करंड्या चुलीत रिकाम्या केल्या असत्या तर सगळं तिथेच संपलं असतं. ती त्या उचलून चुलीपाशी घेऊनही आली. चूल अजून धगधगत होती. ती तशीच उभी राहिली. उतारावर बुंधे होते, घरात म्हातारी होती, घुम्या डोंगर उतरत होता, आणि सकाळी गाडी होती. शेवटी ती खाली बसली.

“कशाचा वास येतोय? फळं?” म्हातारीने हात पुढे केला. “बघू.”

तिने करंडीत हात घातला, ओंजळ भरली, एक एक फळ बोटांनी चाचपलं. आंधळ्या माणसाची बोटं घाई करत नाहीत.

“एकालाही देठ नाही,” ती म्हणाली. “पान नाही, काडी नाही. अगं, घुम्या येऊन गेला का?”

वहिनी फळीवरचा सुईदोऱ्याचा डबा काढत होती. देठ नसलेलं फळ बांधता येत नाही. ते ओवावं लागतं.

“नाही आई,” ती म्हणाली. “गडी होता एक.”

“असं होय.” म्हातारीने फळं परत करंडीत सोडली, जपून, एक एक. “चांगला गडी आहे. त्याला सोडू नकोस.”

वहिनीने दोरा ओला करून सुईत घातला. मग वरचं फळ उचललं आणि त्याच्या टोकाला सुई टोचली.